मुठीपासून चिमटीपर्यंत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीचा प्राध्यापक शताब्दीच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा मराठी कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे रास्त आहे. मी मात्र आज लहान मुलांच्या बोटांविषयी बोलणार आहे. मी वैद्य नाही आणि बालमानसशास्त्राचा पदवीधरही नाही. परंतु माझ्या नोकरीचा बराच काळ तरुण मुलांच्या उत्तरपत्रिका वाचण्यात गेला आहे. मनात विचार आहेत, तोंडी विचारले तर उत्तरही येते, पण दोन पाने लिहिली की हात भरून येतो, असे सांगणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. लेखणी त्यांना इतकी जड का वाटते, याचा शोध घेत मी मागे मागे जात राहिलो. त्या वाटेने महाविद्यालयातून शाळेत, शाळेतून बालवाडीत आणि शेवटी घरातल्या फरशीवर बसलेल्या वर्षा-दीड वर्षाच्या बाळापाशी येऊन पोहोचलो.

ग्रंथालयाशी या विषयाचा काय संबंध, असे कोणाला वाटेल. पुस्तकाचे पान उलटणे ही क्रिया आपण किती सहज करतो! दीड वर्षाच्या मुलाच्या हाती पुस्तक द्या. ते एकदम दोन-तीन पाने उलटते. साधारणपणे दोन वर्षांचे झाले की एकेक पान वेगळे करून उलटणे त्याला जमू लागते. या सहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काही तरी घडलेले असते. वाचक घडण्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल बोटांनी टाकलेले असते. डोळे आणि बुद्धी त्याच्या मागोमाग येतात.

आपल्या भाषेने ही गोष्ट पूर्वीच ओळखलेली दिसते. ‘वळण’ हा शब्द पाहा. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण लावायचे असते. ‘अक्षर’ म्हणजे वर्ण आणि ‘अक्षर’ म्हणजे हस्ताक्षरही. एखादे काम अंगवळणी पडले की आपण ‘हात बसला’ असे म्हणतो. ज्याला ते उत्तम साधते त्याचा त्यात ‘हातखंडा’ असतो, आणि युक्तीने करण्याच्या रीतीला आपण ‘हातोटी’ म्हणतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला, आणि अक्षराच्या आकारापासून कागद-लेखणीच्या निवडीपर्यंतचा तपशील त्यात सांगितला. हाताच्या कामाला त्यांनी गौण मानले नाही.

आता या हाताची घडण कशी होते ते पाहू. शिक्षणशास्त्रात तिला सूक्ष्म कारक कौशल्यांचा विकास म्हणतात. धावणे, उडी मारणे ही मोठ्या स्नायूंची कामे. बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, लिहिणे ही लहान स्नायूंची कामे. नवजात बालकाच्या तळहाताला बोट लावले की ते घट्ट पकडते. आपल्याला वाटते, बाळाने आपला हात धरला. वस्तुतः ती प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि पुढील काही महिन्यांत ती मावळते. ती मावळल्यावरच इच्छेने पकडणे आणि इच्छेने सोडणे शक्य होते. चार-पाच महिन्यांचे बाळ समोरच्या वस्तूकडे सगळा हात टाकते. सहा-सात महिन्यांचे झाले की खुळखुळा या हातातून त्या हातात घेते. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी एकमेकांसमोर येऊ लागतात, आणि वर्षाचे मूल फरशीवरचा चुरमुरा नेमका चिमटीत उचलते. मूठ आणि चिमूट ही स्वयंपाकघरातली मापे आपण रोज वापरतो. मुलाच्या हाताची पहिल्या वर्षातील सारी कमाई या दोन मापांच्या मधली आहे.

त्यापुढची वाट लांब आहे. दीड वर्षाचे मूल तीन-चार ठोकळे एकावर एक रचते, दोन वर्षांचे सहा आणि तीन वर्षांचे नऊ. तिसऱ्या वर्षी पाहून वर्तुळ काढता येते, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, चार-साडेचार वर्षांच्या सुमारास चौकोन आणि पाचव्या वर्षी त्रिकोण. पतंगासारखा उभा चौकोन सहा-सात वर्षांखाली सहसा जमत नाही. ज्या बडोद्यात उत्तरायणाला आकाश पतंगांनी भरून जाते, तिथले मूलही पतंग उडताना पाहते आधी आणि कागदावर त्याचा आकार काढते कितीतरी वर्षांनी. डोळ्यांनी ओळखणे आणि हाताने साकारणे यांत एवढे अंतर असते.

ही वये सरासरीची आहेत. एखादे मूल दोन-चार महिने पुढेमागे झाले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. ही कोष्टके प्रथम परदेशांत तयार झाली, आणि आपल्या मुलांना ती कितपत लागू पडतात हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्याचे काम आपल्याच गावात झाले, हे येथे मुद्दाम सांगतो. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन मापनश्रेणीच्या आधारे महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बालकांचा अभ्यास केला आणि अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांसाठी मानके बसविली. ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. या श्रेणीत ६७ कसोट्या शरीराच्या हालचालींच्या आणि १६३ मानसिक वाढीच्या आहेत. गंमत अशी की मानसिक म्हटलेल्या अनेक कसोट्यांतही मुलाला ठोकळा उचलावा लागतो, झाकलेली वस्तू उघडून पाहावी लागते. त्या वयात मनाची ओळख हाताच्याच मार्गाने करून घ्यावी लागते.

आता लेखणीकडे वळू. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून सगळा हात फिरवते. मग कोपरापासून, मग मनगटापासून आणि सर्वांत शेवटी बोटांच्या पेरांपासून हालचाल होऊ लागते. ताबा धडाकडून टोकाकडे सरकत जातो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात पेन्सिल धरून फक्त बोटे हलवणे साधारणपणे साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. याला शरीररचनेचाही आधार आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सारी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. पहिली दोन बाळपणाच्या पहिल्या काही महिन्यांत कठीण होऊ लागतात आणि शेवटच्याला तशी सुरुवात व्हायला नऊ-दहा किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. डॉक्टर मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र पाहून मुलाच्या हाडांचे वय सांगतात ते यामुळेच. अशा मनगटाकडून आपण तिसऱ्या वर्षी एक पानभर ‘अ’ मागतो.

ही मागणी आपल्याला इतकी नैसर्गिक वाटू लागली आहे की तिच्यात काही वावगे आहे हे ध्यानात येत नाही. नातवाने वहीत काय लिहिले हे आजोबा विचारतात. त्याने आज काय मळले, काय ओवले, काय फाडले हे कोणी विचारत नाही. वही दिसते, म्हणून पालक खूश असतात आणि बालवाडी वही भरून घेते. मूल बिचारे बोटे अखडून, पेन्सिल घट्ट दाबून, खांदा वर उचलून लिहिते. सवय लागते ती चुकीच्या पकडीची, आणि एकदा बसलेली पकड पुढे सुटता सुटत नाही. पुढे त्याच मुलाला ‘अक्षर गचाळ’, ‘आळशी’ असे शेरे मिळतात. हाताच्या अपुऱ्या तयारीचा दोष स्वभावाच्या खात्यात जमा होतो. मला सर्वांत अन्यायाची वाटते ती ही गोष्ट.

सावधगिरीचा इशारा यापूर्वी देण्यात आलेला नाही असे नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ च्या आपल्या अहवालात बालवाडीच्या वयात वाचन, लेखन आणि अंक यांचे औपचारिक शिक्षण लादू नये, प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती घेऊ नयेत, असे स्पष्टपणे म्हटले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा म्हणून वेगळा काढला. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट लागू झाली, तेव्हा अनेक पालकांना मुलाचे वर्ष वाया गेल्यासारखे वाटले. काहींनी न्यायालयातही धाव घेतली, पण अट कायम राहिली. माझ्या मते ते वर्ष मुलाच्या मनगटाला मिळालेले आहे. मात्र ते वह्या भरण्यात घालवले तर खरोखरच वाया जाईल.

मग मुलांना अक्षर शिकवायचेच नाही काय? शिकवायचे, पण हाताच्या वाटेने. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी. धुळाक्षरे हा शब्द आज आपण केवळ अलंकारिक अर्थाने वापरतो. पण त्यात मोठी सोय होती. धुळीत जोर लावावा लागत नाही, चुकले तर हात फिरवून पुसता येते आणि अक्षराचे वळण बोटाच्या कातडीला कळते. त्या शाळांत छडीही होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. परंतु धूळपाटीचे मर्म ओळखावयास हवे.

तेच मर्म डॉ. मारिया मॉण्टेसोरी यांना सर्वस्वी वेगळ्या मार्गाने गवसले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाट्यांवर चिकटवली आणि मुलांना ती बोटांनी चाचपावयास दिली. लाकडी दट्ट्यांना लहान मुठी अशा बसवल्या की त्या तीन बोटांनीच उचलाव्या लागाव्यात. दट्ट्या भोकात बसवताना मुलाला वाटते आपण खेळत आहोत. पुढे पेन्सिल धरणारी तीन बोटे तिथे तयार होत असतात. बटणे, हूक आणि नाड्या लावण्याच्या चौकटीही त्यांनी केल्या. या तयारीनंतर मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

हा विचार गुजरातेत रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून आलेल्या या माणसाने १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ति संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. गुजराती आणि मराठी माणसांनी एकत्र येऊन केलेले हे काम बडोद्यातील मराठी मंडळींनी विशेष अभिमानाने आठवावे असे आहे. ताराबाईंनी १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार काढला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या. खेड्यातल्या बालवाडीला महागडी साधने परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांतूनच साधने उभी केली. १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हेच काम पुढे वाढले. मुलांच्या अंगणात जाऊन भरवलेली ती बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. तो शब्द आज देशभर सर्वतोमुखी झाला आहे. मुलाच्या बोटांना बाजारातील खेळण्यांची गरज नसते, हे ताराबाई आणि अनुताईंनी आपल्याला सिद्ध करून दाखवले.

आणि ते आपल्याला घरात बसून करता येण्यासारखे आहे. आपल्या स्वयंपाकघरात एक संपूर्ण बालमंदिर दडलेले असे. मटार सोलणे, मेथीची पाने खुडणे, कणकेच्या गोळ्या करणे, वाती वळणे, लग्नघरी गव्हले वळणे, गजरा ओवणे, दारात ठिपक्यांची रांगोळी घालणे. चिमटीतून रांगोळीची रेघ सारख्या जाडीची सोडता येणे, हे बोटांवरील ताब्याचे उत्तम उदाहरण होय. ही कामे मुलींच्याच वाट्याला येत आणि मुलगे त्यांतून सुटत; त्यात मुलग्यांचेही नुकसानच होते. मुलगे गोट्या आणि भोवरा खेळत, मुली सागरगोटे. दिवाळीत मात्र सारे मिळून मातीचा किल्ला करीत. हल्ली मटार सोललेले येतात, वाती पाकिटात मिळतात, किल्ला तयार विकत आणतात, बुटांना नाडीऐवजी चिकटपट्टी असते. आयांचे कष्ट कमी झाले याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु मुलाच्या बोटांची कामे त्याबरोबर गेली आणि त्यांच्या जागी आपण काही ठेवले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

त्यांच्या जागी आपोआप येऊन बसला तो भ्रमणध्वनी. जेवताना मूल गप्प बसावे म्हणून तो हाती दिला जातो, आणि त्याच वेळी घास भरवलाही जातो. म्हणजे भात कालवून चार बोटांत घास धरण्याची, दिवसातून दोनदा होणारी कसरतही गेली. काचेवर एक बोट सरकवण्यात ना वजन असते, ना खरखर, ना विरोध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासाहून अधिक दाखवू नये. यापुढे सगळे टंकलिखितच असणार, मग हस्ताक्षराचा आग्रह कशाला, असेही विचारले जाते. इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. वाचू न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने काढावयास, काही गिरवावयास आणि काही कळ दाबून उमटवावयास दिली. नंतर ती अक्षरे पाहताना मेंदूतील वाचनाशी निगडित भाग जागे झाले ते हाताने काढलेल्या अक्षरांच्या बाबतीत. प्रयोग लहान आहे आणि त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण धूळपाटीवाल्या पंतोजींना त्याचे आश्चर्य वाटले नसते.

पालकांसाठी तीन सूचना करतो. पहिली, तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे देऊन उठून जाऊ नये. ते घशात अडकतात. दुसरी, डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याचा अट्टाहास करू नये. तिसरी, तीन-चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्याच राहिल्या, वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरते आणि दुसरा टाळते असे दिसले, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून स्वस्थ बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता आपल्या समाजापुढील प्रश्नाकडे येतो. बडोद्यातील मराठी मुलाला इंग्रजी, गुजराती आणि देवनागरी अशा तीन लिप्यांना सामोरे जावे लागते. अशा वेळी अनेक घरांतून मराठीचा बळी जातो. ‘बिचाऱ्यावर किती ओझे टाकायचे?’ असे आई-वडील म्हणतात, आणि मराठी बोलण्यापुरती उरते. पुढच्या पिढीत तीही उरेल की नाही याची खात्री कोण देणार? पण हे ओझे बुद्धीवर पडते की अपुऱ्या तयारीच्या हातावर, याचा विचार आपण केलेला नाही. ग, म, न, र यांची गुजराती रूपे देवनागरीपासून फारशी दूर नाहीत. मुख्य फरक शिरोरेषेचा. आपल्याकडे मुळाक्षरांच्या क्रमाऐवजी ‘ग म भ न’ने प्रारंभ करण्याची पद्धत पडली ती सोप्या वळणांचा विचार करूनच. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल आणि गाठ एवढ्या गोष्टी ज्या हाताला साधल्या त्याला एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जाण्यासारखे आहे. ज्या हाताला त्या साधल्या नाहीत, त्याला एक लिपीही जडच जाते. मुलाचे ओझे कमी करण्यासाठी मराठी सोडण्याआधी हाताची मशागत करून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

यात ग्रंथालयाला पुष्कळ करता येईल. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला होता. त्या परंपरेला साजेसा एक कोपरा आपल्याही वास्तूत असावा. मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीची एक फळी असावी. त्यावर जाड पुठ्ठ्याच्या पानांची मराठी चित्रपुस्तके असावीत आणि ती फाटली तर दंड नसावा. शेजारी एक धूळपाटी, मळलेली माती, ओवण्यासाठी मोठे मणी आणि फाडण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे असावीत. वर्तमानपत्रांची तर आपल्याकडे वाण नाही! रविवारी सकाळी दोन तास आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी दोघे-तिघे तिथे बसले, त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मुलांबरोबर चार वाती वळल्या, तर याला अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. ज्या आजींना रांगोळी येते आणि ज्या आजोबांना पतंगाची कन्नी बांधता येते, त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे नोंदवावीत.

आपल्या सभासद-नोंदवहीत शंभर वर्षांच्या सह्या आहेत. पुढच्या शंभर वर्षांतही तिथे मराठीत सह्या व्हाव्यात, असे आपणा सर्वांनाच वाटते. त्या सह्या करणारे हात आज कोणाच्या तरी घरी कणकेचा गोळा मागत असतील. त्यांना तो द्यावा.